शाखा क्रमांक चौदा

पहिला शिक्का मी त्यांच्या पायरीवर बसूनच कोरला.
अप्पा बळवंत चौक, अठ्ठ्याहत्तर साल,
दुकान साडेसात फूट रुंद,
पायरीचं भाडं रोजचा एक चहा, माझ्याकडून.
'भंडारे स्टेशनरी', बास, एवढंच.
आत कार्बन पेपर, टाचण्या, लाखेच्या कांड्या,
लाल कापडी पाठीच्या खतावण्या,
आणि मुकुंदराव, कानावर एक पेन्सिल
जी त्यांनी कुणालाच विकली नाही.

रबर उलटं कोरावं लागतं.
'भ' तोंड फिरवून बसतो, 'र' पाठमोरा,
काना आपल्या अक्षराच्या अलीकडे येऊन थांबतो.
तेव्हापासून मी हे शहर
उजवीकडून डावीकडे वाचतोय.

भोसरीला दुसरं दुकान काढलं तेव्हा म्हणाले,
"इलाही, या खेपेला 'अँड सन्स' टाक."
मी म्हटलं, मुलगा कुठाय?
घरात एकटी सुमेधा, दुसरीतली,
गल्ल्याखाली बसून खोडरबरं मोजायची
आणि एक कमी सांगायची.
"कारखानेवाल्यांना वजन लागतं रे."
कोरले सन्स.
वीस वर्षं ते बिलाबिलावर उमटत राहिले,
न जन्मलेले, जांभळे.

भोसरीत चलन-बुकं गठ्ठ्यानं, हजेरीपट, गेटपास.
शिवाजीनगरला कोर्टासमोर हिरवा लेजर कागद,
टंकलेखकांना उधारीवर रिबिनी.
हडपसर. कोथरूड.
मग पुन्हा कोथरूडच, कारण पहिल्याला पार्किंग नव्हतं.
दर खेपेला पोऱ्या चिठ्ठी घेऊन यायचा
आणि मी फक्त आकडा बदलायचो.
पाचाचा ठसा नेहमी जरा फुगीर येतो, का ते मला अजून कळलेलं नाही.

नवव्या शाखेला सुमेधा स्वतः आली.
स्कूटर, चष्मा, हातात छापील नमुना.
"काका, सन्स काढा."
गोल शिक्का आहे, म्हटलं, जागा मोकळी दिसेल.
"दिसू दे."
मला काही ते बघवेना. एक चांदणी बसवली तिथं.
तिनं ठसा उजेडात धरून बराच वेळ पाहिला.
पैसे मोजून दिले. सुटे.

पुढं फार झपाट्यानं झालं.
बाणेर, वाकड, हिंजवडी.
हिंजवडीत शाई कुणी मागतच नाही,
खुर्च्या मागतात, पांढरे फळे,
गळ्यात घालायच्या पट्ट्या, पाच रंगांच्या चिकटचिठ्ठ्या.
मग दोन वर्षं हापिसंच घरी राहायला गेली.
शाखा सात बंद. शाखा अकराचं गोदाम झालं.
त्यांचे शिक्के माझ्याकडे परत आले
एका चपलेच्या खोक्यातून.
रबर खरवडून काढलं. मुठी ठेवल्यात,
सागाच्या आहेत.

मुकुंदराव अजून पहिल्या दुकानात येतात,
पेन्सिल कानावर, ऐकू कमी येतं त्याच कानावर.
चौदाव्या शाखेला शिक्का नकोच होता खरं तर,
सगळं आता कॉम्प्युटरच उमटवतो.
"तरी एक करून दे," ते म्हणाले,
"आकडा नीट काढ."

तो द्यायला मी खराडीपर्यंत बसनं गेलो.
समोर अठरा मजल्यांची काच,
आणि काचेत आमची नवी पाटी, उलटी,
म्हणजे माझ्यासाठी सरळ.
'भंडारे ऑफीस सोल्युशन्स'.
'फी'ची वेलांटी दुसरी!
काचेत ती पलीकडे जाऊन ऱ्हस्व झाली होती,
रस्त्यावर मात्र दीर्घच, दिवे लावून.

मी दारावरच्या पोराला म्हटलं,
बाळ, तुमच्या पाटीत चूक आहे.
तो म्हणाला, आजोबा, आधी पास दाखवा.
पास नव्हता.
खिशातून शिक्का काढला, तळहातावर उमटवला
आणि हात त्याच्यासमोर धरला.
त्यानं 'चौदा' वाचलं,
चांदणीवर बोट ठेवून विचारलं,
हे काय आहे?